केजहून दिंद्रुडला कसं जायचं

पुण्यात माझी एक मैत्रीण आहे. बी.एड.ला आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. ती तिथंच राहिली आणि आता शहराच्या एका टोकाला राहून दुसऱ्या टोकाला नोकरी करते. दर आठवड्याला तिचा मला एक लांबलचक व्हॉइस मेसेज येतो. विषय ठरलेला, कशानं जावं? मेट्रो वेळेवर आहे, पण स्टेशनपासून चालावं लागतं. सिटी बस दारातून मिळते, पण पुलाखाली अडकून बसते. रिक्षावाला तिकडे यायला तयार नसतो. स्कूटी काढली तर घरी येईपर्यंत तोंडावर धुळीचा थर बसतो. एवढं सगळं सांगून शेवटी ती म्हणते, "वैताग आलाय गं या शहराचा."

मी केजमधल्या माझ्या दोन खोल्यांत भाकरी थापत ते ऐकते आणि माझं डोकं सरकतं. अगं बाई, दारात चार वाहनं उभी आहेत आणि त्यातलं बरं कुठलं याचा तुला वैताग येतो! एकदा तिनंच मला सुचवलं होतं, की तुझं जाण्यायेण्याचं फोनमध्ये टाकून बघ, सगळे पर्याय वेळेसकट दिसतात. मी केज ते दिंद्रुड टाकलं. दोनच चित्रं आली, एक मोटारीचं आणि दुसरं चालणाऱ्या माणसाचं. मोटार माझ्याकडे नाही.

दिंद्रुडजवळच्या वस्तीवर माझी थोरली बहीण राहते. अंतर म्हणाल तर फार नाही. केजहून धारूर, मग घाट उतरून तेलगाव, तिथून थोडं पुढं दिंद्रुड. स्वतःची गाडी असेल तर दीड तासात माणूस बहिणीच्या हातचा चहा पीत बसलेला असतो. मला तो चहा कधी तीन तासांनी मिळाला आहे, कधी पाच. एकदा मिळालाच नाही, आणि त्या न मिळालेल्या चहानं माझं वर्षभर तोंड कडू ठेवलं. ते सांगायलाच बसले आहे.

ताई आणि दाजी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादम टोळी जमवतो, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, त्यात संसार भरायचा आणि वर माणसांनी बसायचं. सहा महिने वस्तीतल्या निम्म्या दारांना कुलूप असतं. ताई बारा वर्षांची असल्यापासून जाते. आमच्या आईबापांबरोबर ती गेली, म्हणून मी मागं चुलतीकडे राहून शाळा शिकले. दोघींपैकी एकीला हाताशी न्यावं लागणार होतं, आणि थोरली ती होती. हे घरात कधी कुणी बोलून दाखवलं नाही, पण मला रोज ठाऊक असतं.

ताईची मुलगी आता नववीत आहे. धाकटा मुलगा चार वर्षांचा. गेल्या वर्षी मी ताईला शब्द दिला होता, की पोरीला नेऊ नकोस, माझ्याकडे ठेव, मी ज्या शाळेत शिकवते तिथंच तिचं नाव घालते. ट्रॅक्टर निघण्याआधी येऊन तिला घेऊन जाते म्हणाले. दाजींची अट एकच होती, की मी स्वतः यायचं. पोरीला एकटीला बसमध्ये बसवून द्यायला ते तयार नव्हते, आणि दार लागल्यावर तिला वस्तीवर कुणाच्या भरवशावर ठेवणार? अट रास्तच होती.

गेल्या वर्षी मी काळी-पिवळीनं गेले. जीप भरेपर्यंत सुटत नाही हे मला ठाऊक होतं, पण ड्रायव्हर म्हणाला, "निघालोच मॅडम," आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन वर कॅरिअरला बांधून टाकली. ही त्यांची जुनी युक्ती आहे. पिशवी वर गेली की गिऱ्हाईक कुठं पळत नाही. समोरून बस निघून गेली तरी तुम्ही आपले पिशवीकडे बघत उभे. मी सव्वा तास उभी राहिले. वस्तीवर पोचले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि अंगणात ट्रॉलीच्या चाकांच्या खुणा होत्या. पोरगी गेली. आठवीचं निम्मं वर्ष तिनं उसाच्या फडात, भावाला काखेत घेऊन काढलं.

ताईला फोनवर सांगितलं, "गाडी मिळाली नाही." खरं तेच होतं. पण आमच्याकडे हे वाक्य इतकं झिजलंय की खरं असलं तरी कुणी धरत नाही. शाळेत उशिरा येणारा गुरुजी हेच सांगतो, लग्नाला न आलेला मामा हेच सांगतो, तारखेला न आलेला गवंडीही हेच सांगतो. ताई फक्त "हां" म्हणाली. त्या "हां"वर मला भांडताही आलं नाही.

म्हणून यंदा मी सगळं नीट ठरवलं होतं. ट्रॅक्टर गुरुवारी निघणार होता. मी बुधवारची रजा टाकली. हेडमास्तरांशी बोलून ठेवलं. केजच्या बाजारातून पोरीसाठी निळं दप्तर आणलं, खोलीत तिची गादी घातली, भिंतीला तिच्यासाठी एक खुंटी ठोकून घेतली. आणि मंगळवारी सकाळी, साडेसातला, फोन वाजला.

"आगं, मुकादमानं कारखानाच बदललाय," ताई म्हणाली. मागं भांडी आदळल्याचा आवाज येत होता. "गुरुवारी न्हाई, आजच निघायचं म्हनतोय. बाराच्या टायमाला. तू येतीस का? आलीस तर पोरीला ठिवते. न्हाई तर घिऊन जाते. कुनाच्या दारात ठिवू तिला?"

"येते ताई. निघालेच."

"गेल्या साली बी निघालेच म्हणलीस," ती म्हणाली आणि फोन कट झाला.

साडेचार तास हातात होते आणि रस्ता दीड तासाचा. पुण्याची मैत्रीण असती तर तिनं यात दोनदा कॉफी घेतली असती. रजा आजचीच धरा, असा हेडमास्तरांना मेसेज टाकून मी चप्पल घालता घालता विचार करत होते. स्कूटी आहे माझ्याकडे, पण ती घर ते बाजार एवढ्यापुरती. धारूरच्या घाटात उताराला तिचा ब्रेक आणि माझा धीर, दोन्ही सुटतात. परत येताना पोरगी मागं बसवायची, तिचं बोचकं पुढं ठेवायचं, आणि वळणावर समोरून ट्रक. नको. धारूरकडे अप-डाउन करणाऱ्या गुरुजींची एक मोटार आमच्या गल्लीवरून जाते. त्यात पाचजण पक्के असतात, आणि त्या पाच जागा खुर्चीसारख्या धरलेल्या असतात. तरी मी कोपऱ्यावर जाऊन हात केला. काच खाली आली. "जागा नाही हो मॅडम," पुढच्या सीटवरचे गुरुजी मनापासून वाईट वाटल्यासारखं म्हणाले. मागच्या सीटवर एका गुरुजींच्या शेजारी त्यांचा डबा बसला होता. डब्याला जागा होती.

राहिली बस. स्टँडवर गेले तर ही गर्दी! दिवाळीच्या सुट्टीहून माघारी जाणारी माणसं, बोचकी, लेकरं. माजलगावची बस साडेआठला लागते, ती धारूरवरूनच जाते. ती मिळाली की मी दहा-सव्वादहाला ताईच्या दारात.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे बसमध्ये माणूस दारातून चढतो, पण त्याची जागा खिडकीतून आधीच चढलेली असते. बस फलाटाकडे वळली की लोक तिच्या बाजूनं धावतात आणि उघड्या खिडकीतून रुमाल, टॉवेल, टोपी, पिशवी, जे हातात असेल ते सीटवर टाकतात. टाकलं की ती जागा तुमची. मग दारातून तुम्ही दहा मिनिटांनी आलात तरी चालतं. त्या रुमालावर बसलेला माणूस चोर ठरतो. मी एकदा पुण्यात सिटी बसमध्ये खिडकीतून ओढणी टाकली होती. आतल्या बाईनं ती मला परत दिली, "ताई, तुमची ओढणी उडाली," म्हणून.

तर त्या दिवशी बस वळली, लोक धावले, मी धावले. हातात निळं दप्तर होतं. रिकामं, हलकं. तिसऱ्या खिडकीतून ते मी असं नेमकं टाकलं की बरोबर खिडकीजवळच्या सीटवर पडलं. मग दाराच्या रेटारेटीत शिरले, कोपरं खाल्ली, कोपरं दिली, आणि आत पोचले तर दप्तराला खेटून एक धोतरवाले बाबा बसायच्या बेतात. "बाबा, जागा धरलेली आहे," मी म्हणाले. त्यांनी दप्तराकडे पाहिलं, रीतीचा मान ठेवला, आणि सरकले. मी बसले. खिडकीला टेकून बसले. इतकं बरं वाटलं की काय सांगू. एवढ्या वर्षांत एवढ्या वेळेवर एवढी चांगली जागा मला कधी मिळाली नव्हती.

बस स्टँडच्या बाहेर पडली, चौक ओलांडला, आणि कंडक्टर आले.

"धारूर एक," मी म्हणाले.

"धारूर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, अंबाजोगाई गाडी हाय ही. पाटी बघितली न्हाई का?"

नव्हती बघितली. जन्मात कधी आधी पाटी बघितली आहे मी? आधी जागा धरायची, मग गाडी कुठली ते विचारायचं, हेच अंगात मुरलेलं. शाळेत पोरांना मी रोज सांगते, आधी प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. कंडक्टरनं घंटी मारली, मी उतरले, आणि दप्तर छातीशी धरून साडीच्या निऱ्या सावरत स्टँडकडे पळत सुटले. पोचले तेव्हा शेजारचा फलाट रिकामा होता. "माजलगाव गाडी?" मी एका बाईला विचारलं.

"आत्ता गेली की. कावून, तुमी हितंच तर हुता मगाशी?"

मी तिथल्या बाकावर बसले आणि स्वतःला अशा शिव्या दिल्या, की शेजारची बाई सरकून बसली. रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता.

मग जीप. पुन्हा काळी-पिवळी. ड्रायव्हरनं सवयीनं दप्तराला हात घातला. मी दोन्ही हातांनी ओढून घेतलं. "पिशवी माझ्याजवळच राहील," मी म्हणाले.

"बरं, बरं. बसा तरी मॅडम. तीनच शिटा बाकी हायत्या."

तीनच शिटा. दोन आल्या, तर एक उतरून पान खायला गेली. पानवाली शीट आली, तर एका म्हातारीला आठवलं की तिची पिशवी दवाखान्यात राहिली. ड्रायव्हर बोनेटला टेकून "धारूर, धारूर, धारूर" करत होता. मी पंधरा-पंधरा मिनिटांनी त्याला विचारायचे आणि तो दर वेळी म्हणायचा, "निघालोच." शेवटी मी सगळ्यांदेखत ओरडले, "अहो, बहिणीची पोरगी चालली ऊस तोडायला! तिला आणायला निघालेय मी. निघा आता!"

मग मागच्या सीटवरचा एकजण म्हणाला, "चल बे, दोन मान्सं वाटंत मिळत्याल." ड्रायव्हर निमूट आत बसला. सव्वादहा झाले होते.

धारूरला उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. जीप तिथवरच होती. तेलगावची दुसरी जीप बाजारामुळं लवकर भरली, एवढंच नशिबानं केलं. मी ताईला फोन लावला. दाजींचाच फोन तो, आणि बंद. पुन्हा लावला. बंद. साडेअकराला आम्ही घाटाच्या तोंडाशी आलो. मनात हिशेब चालू होता, घाट अर्धा तास, तेलगावात गाडी बदलायची, बारा-सव्वाबारा. मुकादम कधी ठरल्या वेळी निघतो? जरा उशीर करीलच. आयुष्यभर ज्या उशिरानं माझा जीव खाल्ला, त्याचीच मी त्या दिवशी वाट बघत होते.

दुसऱ्या वळणावर जीप थांबली. पुढं एक ट्रक थांबलेला, त्याच्यापुढं बस, बसपुढं आणखी काही. खाली एका अरुंद वळणावर एक मालट्रक आडवा फसला होता. वरची वाहनं वर, खालची खाली. फोनला रेंज नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, तंबाखू काढली आणि म्हणाला, "आता काय, घंटाभर."

मी पाच मिनिटं बसले असेन. मग मला कळलं की मी आणखी एक मिनिट त्या जीपमध्ये बसले तर मला काहीतरी होईल. दप्तर खांद्याला अडकवलं आणि खाली उतरून चालायला लागले. फोनमधलं ते चालणाऱ्या माणसाचं चित्र खरं ठरलं म्हणायचं. रांगेतल्या गाड्यांतून लोक बघत होते. साडी नेसलेली बाई, पाठीला शाळेचं दप्तर, भर उन्हात घाट उतरतेय आणि स्वतःशीच बडबडतेय. मी मुकादमाला बोलत होते, त्या डब्यावाल्या गुरुजींना बोलत होते, पुण्याच्या मैत्रिणीलासुद्धा दोन शब्द सुनावले. आडव्या ट्रकच्या कडेनं, डोंगराला अंग घासत, मी पलीकडे गेले. तिथं वर चढणाऱ्या वाहनांची रांग होती. दोन मोटारी, एक टेम्पो आणि मग एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा. ट्रॉलीत निळी पिंपं, बांबू, पत्रे, धान्याची पोती, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. ट्रॅक्टरच्या चाकाजवळ दाजी उभे होते.

दाजींनी डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमी हितं?" ते म्हणाले.

"बारा म्हणाला होतात ना?"

"मुकादमानं साडेधालाच हानल्या गाड्या. तुमचा फोन लागंना."

वरून ताईचा आवाज आला, "कोन हाय?" आणि मग ती पोत्यावरून वाकली. डोक्याला फडकं बांधलेलं, तोंड धुळीनं पांढरं. मला बघून तिचा हात तोंडावर गेला. "आली गं बाई," ती म्हणाली, मला नाही, शेजारी बसलेल्या पोरीला. "आली बघ तुझी मावशी. उठ, तुझं बोचकं घे. उतर."

पोरगी हलली नाही. भाऊ तिच्या मांडीवर झोपला होता. वर्षभरात ती उंच झाली होती, चेहरा ताईवर गेला होता. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आता कावून आलीस?" ती म्हणाली.

"अगं, गाडी..." मी बोलायला लागले आणि थांबले. ते वाक्य माझ्याच तोंडात अडकलं.

"मी न्हाई उतरत," ती म्हणाली.

ताई तिला दटावायला लागली, मी खालून समजावायला लागले, दाजी मध्येच "जा की गं" म्हणाले, आणि तेवढ्यात वर इंजिनं सुरू झाल्याचा आवाज आला. फसलेला ट्रक एकदाचा सरळ झाला होता. ज्या खोळंब्यानं माझा जीव घेतला होता, तो नेमका तेव्हाच सुटला. मागच्या गाडीनं हॉर्न धरला. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं मान मागं करून ओरडून विचारलं, की बाई चढणार हायत का पोरगी उतरणार हाय, काय ते ठरवा.

"तूच चढ वर," ताई मला म्हणाली. "रस्त्यात काय भांडतीस. केजवरूनच जाती ही गाडी."

"केजवरून?"

"औंदा तिकडचाच कारखाना हाय. आमाला तरी कुठं ठावं हुतं? बायांना कोन सांगतं कुठल्या रस्त्यानं न्यायचं. गाडीत बसल्यावरच कळतं."

म्हणजे मी सकाळी अंघोळ करून, चहा पिऊन, केजच्या चौकात एका सावलीत उभी राहिले असते तरी दुपारी माझी बहीण तिच्या पोरीसकट माझ्यासमोरून गेली असती. मी एवढा घाट पायी उतरून आले होते, त्याच घाटानं माघारी जायला. मला हसू आलं की रडू, ते अजून ठरवता आलेलं नाही. दाजींनी चाकावर पाय ठेवायला सांगितलं, ताईनं मनगट धरून ओढलं, आणि मी पोत्यांवर जाऊन पडले.

त्या ट्रॉलीत मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. ताई बारा वर्षांची असल्यापासून तशीच बसत आली होती आणि मी खाली उभी राहून हात हलवत आले होते. बूड टेकायला जागा सापडत नाही. खालचा पत्रा टोचतो, प्रत्येक खड्डा मणक्यातून डोक्यात जातो, उन्हाला आडोसा नाही. मी बस, जीप, स्कूटी, मोटार अशी तुलना करत बसले होते, आणि माझी बहीण दरवर्षी ह्यातून शेकडो मैल जात होती. तिला कुणी पर्याय विचारले नव्हते.

पोरगी माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी दप्तर तिच्याशेजारी ठेवलं. तिनं ते बघितलं आणि नजर वळवली. मग ताईच म्हणाली, "राग हाय तिचा. गेल्या सालचा."

"मला माहितीय."

"तुला न्हाई म्हाईत. पहाटं उठून आंघुळ केली तिनं. दोन येण्या घातल्या. बोचकं बांधून पायरीवर बसली. साऱ्या पोरींना सांगून ठिवलं हुतं, माझी मावशी गाडी घिऊन येनार हाय, मी केजच्या शाळंत जानार हाय. ट्रॅक्टर आला, सामान भरलं, तरी उठंना. शेवटी ह्यांनी उचलून ट्रॉलीत टाकली."

मला हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. मी वर्षभर स्वतःच्या त्या सव्वा तासावर चिडत होते. पायरीवर बसलेल्या पोरीचा सव्वा तास मी धरलाच नव्हता. मला लाज वाटली. इतकी, की दाजी ट्रॅक्टरवरून मागं वळून बघत होते तरी मी डोळे पुसले नाहीत.

"चुकलं माझं," मी तिच्या पाठीला म्हणाले. "गाडीचं नाही, माझं चुकलं. मी आदल्या दिवशीच यायला हवं होतं."

धारूर मागं पडलं. ट्रॅक्टर बैलगाडीहून जरासाच पुढं. सगळी वाहनं आम्हाला मागं टाकून जात होती. ज्या जीपमधून मी उतरले होते तिच्यासारख्या कितीतरी जीपा धूळ उडवत गेल्या. आणि मी, जिनं दिवसभर प्रत्येक चाकाला शिव्या घातल्या होत्या, ती मनात म्हणत होते, आणखी हळू जाऊ दे. केज यायच्या आत मला हिला वळवायचं होतं.

भाऊ जागा झाला. तिनं त्याला बाटलीतलं पाणी पाजलं, तोंड पुसलं. "ह्याला कोन बघनार?" ती अचानक म्हणाली. मला की ताईला, कळलं नाही.

"मी बघते," ताई म्हणाली. "माझंच हाय ते. तुला बी मीच बघितलं, फडात, पाचटावर निजवून. तू तुझं बघ."

केजची घरं दिसायला लागली. पोरीनं दप्तर हळूच मांडीवर ओढलं, चेन उघडली, आत हात घालून बघितलं, पुन्हा लावली.

"शाळा किती लांब हाय?" तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता.

"घरापासून दहा मिनिटं."

"कशानं?"

"चालत."

"गाडी न्हाई लागत?"

"नाही लागत."

"जीप, बस, कायच न्हाई?"

"काहीच नाही. पायी जायचं, पायी यायचं."

तिनं जरा विचार केला. "तू न्हाई आलीस तरी मला जाता ईल?"

मला ते लागलं. लागायलाच हवं होतं. "हो," मी म्हणाले. "मी नाही आले तरी."

चौकात ड्रायव्हरनं वेग कमी केला, थांबवला नाही, नुसता कमी केला. दाजी ओरडले, "उतरायचं आसंल तर बिगी!" पोरीनं भावाला ताईच्या मांडीवर दिलं. ताईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच काढून घेतला. ट्रॅक्टर क्षणभर थांबला. पोरगी ट्रॉलीच्या काठावर उभी राहिली, खाली रस्त्याकडे नीट बघितलं, आणि आधी दप्तर खाली टाकलं. मग ती उतरली. मग बोचकं घेतलं.

माझा पाय चाकावर टेकत नव्हता. मला खाली उतरवायला तिनंच हात दिला.